रिकाम्या खलाची नळी

"आधी पानी पाजा त्याले," ते म्हणायचे. "उठू द्या. मंग काय तुमचं रसायनशास्त्र कराचं ते करा."

हे बोलणं दगडासमोर उकिडवं बसून चाललेलं असे. खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली निघायची. तिच्या झाकणाला त्यांनी खिळ्याने भोक पाडलेलं होतं. त्यातून दगडावर पाण्याची बारीक धार सोडायची आणि वाट पाहायची. दगडावर राखाडी, वाळक्या खपल्या असत. तुम्हीही त्या पाहिल्या असतील, त्यांच्यावर बसून डबाही खाल्ला असेल, आणि दगडाला रोग लागलाय असं समजून उठून गेला असाल. मीही तेच समजत होते. पाणी पडलं की त्या खपल्यांच्या कडा मऊ पडायच्या आणि मिनिटभरात राखाडीतून हिरवा रंग वर यायचा. "उठलं," ते म्हणायचे, आणि मगच मला छिन्नी हातात घेऊ द्यायचे.

ते आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत. वयाने त्यांच्याहून मोठे असलेले प्राचार्यही काकाजीच म्हणत, आणि काकाजी त्यांना तितक्याच गंभीरपणे "हो जी" म्हणत. शिक्षण दहावी. राहायला फुलसावंगी. रोज सकाळच्या बसने यायचे आणि प्रयोगशाळेच्या दारात मला "जयभीम मॅडम" म्हणून सरळ बेसिनकडे जायचे. परीक्षानळ्या आदल्या दिवशी धुतलेल्या असल्या तरी सकाळी पुन्हा धुवायच्या, हा त्यांचा नेम. मी एकदा म्हटलं, "काकाजी, कालच धुतल्यात ना?"

"काल मी धुतल्या, मॅडम. पन राती त्याईनं काय केलं मले काय मालूम?"

कप्पाळ!

त्या खपल्यांना पुस्तकात शैवाक म्हणतात. एक बुरशी आणि एक शैवाल मिळून संसार थाटतात. शैवाल उन्हावर अन्न शिजवतं, बुरशी घर सांभाळते. मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो तेही शैवाकच. ऊन, कोरड, किडे यांच्यापासून वाचायला ही मंडळी आपल्या अंगात अशी आम्लं तयार करतात जी दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. त्यांतली काही अँटीऑक्सिडंट म्हणूनही काम करतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या शैवाकांत कोणती रसायनं आहेत आणि त्यांच्यात अँटीऑक्सिडंटचा दम किती, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. विषय ऐकून लोक हसायचे. माझे मार्गदर्शक सर दुसऱ्या शहरातले. तेही पहिल्या भेटीत म्हणाले होते, "अहो, तुमच्याकडच्या उन्हात माणूस टिकत नाही, शैवाक काय टिकणार!"

मी मुळात हट्टी आहे. उन्हात जो टिकतो त्याच्याकडे उन्हावरचा उपाय असणार, असं माझं म्हणणं होतं. पण म्हणणं वेगळं आणि प्रबंध वेगळा. मी दोनदा मुदतवाढ घेतली होती. तिसरी मिळणार नव्हती. या वर्षी प्रबंध गेला नसता तर माझी सगळी वर्षं पाण्यात गेली असती, आणि हे मला, सरांना आणि काकाजींना, तिघांनाही माहीत होतं.

नमुने गोळा करायला काकाजी माझ्याबरोबर यायचे ते कुणी सांगितलं म्हणून नाही. पहिल्या दिवशी मी चपला घालून टेकडी चढताना पाहून त्यांनाच राहवलं नाही. मग रविवारमागून रविवार आम्ही मोहाच्या खोडांवर, नाल्याकाठच्या खडकांवर, बोरी अरबकडच्या एका पडक्या बांधावर फिरलो. पोटॅशचा थेंब टाकला की काही शैवाकं लाल होतात, काही होत नाहीत. ओळख पटवायला ही खूण उपयोगी पडते. काकाजींनी ती दोन दिवसांत उचलली. लांबून ओरडायचे, "मॅडम, ही लाजून राह्यली! त्या पल्याडची बिलकूल लाजत नाही, भल्ली बेशरम हाये."

खरडायचं किती, याचा नियम त्यांचाच. डावा तळहात बोटं मिटून दगडावर ठेवायचा, उजव्या हाताने त्याभोवती खडूची रेघ ओढायची आणि रेघेच्या आतलंच खरडायचं. त्यांची डावी करंगळी लहानपणी बैलगाडीच्या चाकात सापडून वाकडी झाली होती, त्यामुळे रेघेला एका बाजूला टोक यायचं. मी एकदा घाईत रेघेबाहेर छिन्नी नेली.

"काहून, मॅडम?"

"थोडं जास्त असू द्या, काकाजी. पुन्हा यायला नको."

"हाताबाहेर नाही जायाचं," ते म्हणाले. "हे एवढं वाढाले त्याले माह्यं अख्खं आयुष्य लागलं असन. तुमीच सांगतलं ना?"

मीच सांगितलं होतं. शैवाक वर्षाला जेमतेम नखाच्या कडेएवढं सरकतं, असं मी वर्गात शिकवते. शिकवलेलं इतक्या लवकर आपल्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं.

तुलनेसाठी बाजारातलं दगडफूल हवं होतं म्हणून आम्ही एकदा ढाणकीच्या बाजारात गेलतो. (पाहा, त्यांच्याविषयी लिहिताना माझीही भाषा घसरते.) दुकानदाराने पुडी बांधायला घेतली. काकाजींनी विचारलं, "हे कुठचं हाये?"

"दगडावरचं."

"ते समजलं. कोन्या दगडावरचं?"

"अरे बाप्पा! मसाल्यात टाका ना चुपचाप. दगडाची काय सोयरीक जुळवाची हाये काय?"

"गाव नाही, दगड नाही, तारीख नाही," काकाजी मला मोठ्याने म्हणाले. "याले नमुना म्हनत नाही, मॅडम. याले कचरा म्हंतात." दुकानदार चिडला. मी पुडी घेऊन काकाजींना ओढत बाहेर आणलं.

आता ती चाचणी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एक गडद जांभळी भुकटी असते. ती मिथेनॉलमध्ये विरघळवली की परीक्षानळीत जांभळाच्या रसाचा रंग दिसतो. त्यात शैवाकाचा अर्क घालायचा आणि नळी अर्धा तास अंधारात ठेवायची. अर्कात अँटीऑक्सिडंट असेल तर जांभळा रंग उतरत जातो. भरपूर असेल तर पार पिवळा होतो. शेजारी एका नळीत अर्क न घालता नुसतं द्रावण ठेवायचं. तिला कोरी नळी म्हणतात. ती जांभळीच राहिली पाहिजे. राहिली नाही तर आपलंच काहीतरी चुकलं, आणि बाकीच्या सगळ्या नळ्या फुकट. "कोरी नळी ठेवली का?" हे वाक्य मी दर वर्षी प्रत्येक वर्गाला इतक्या वेळा विचारते की मुलं माझ्या मागे माझी नक्कल करतात.

अंधारासाठी काकाजींनी जुन्या छत्रीचं काळं कापड काढून शिवून आणलं होतं. नळ्यांच्या घोडीवर ते पांघरायचं आणि समोर स्टूल टाकून अर्धा तास पहारा द्यायचा. मध्ये कुणी डोकावायला आलं की म्हणायचे, "झोपले हाये सगळे. मंग या."

आमचे नमुने नऊ. सातवा काकाजींच्या गावचा. फुलसावंगीच्या बाहेर, त्यांच्या वस्तीच्या मागे एक मोठा काळा खडक आहे. तिथे त्यांनी मला नेलं तेव्हा नेहमीची बाटली काढायच्या आधी ते खडकाला हात लावून उभे राहिले.

"आमचा आजा या खडकावर बाराखडी शिकला," ते म्हणाले. "बौद्ध झाले त्या सालची गोष्ट. चाळिशी पार केलती त्यानं. पाटी घ्याले कोन जाते? कोळसा घेतला अन् इथंच गिरवलं. पानी पडलं की पुसून जाय, मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा क, ख, ग."

मी खडक पाहिला. अर्थातच कोळशाची एक रेघही नव्हती. शैवाक मात्र दाट होतं. काकाजींनी हात ठेवला, रेघ ओढली, आणि त्या दिवशी छिन्नी मला दिली नाही, स्वतःच चालवली.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा मिक्सर जळला. नवा यायला अर्ज, तीन सह्या आणि महिनाभर. मी चरफडले. काकाजी म्हणाले, "द्या मायाजवळ. घरी वाटून आनतो." दोन दिवसांनी त्यांनी काचेच्या बरणीत पीठ आणून दिलं. इतकं बारीक पीठ आमच्या मिक्सरने कधी केलं नव्हतं.

सातव्या नमुन्याची नळी छत्रीखालून काढली तेव्हा ती पिवळी होती. फिकट जांभळी नाही, गुलाबी नाही, क्लोरोफॉर्मच्या बाटलीवरच्या जुन्या चिठ्ठीसारखी पिवळी. मी पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. तेच. तुलनेला ठेवलेल्या क जीवनसत्त्वाच्या नळीच्या जवळ जाऊन बसणारा निकाल यवतमाळच्या एका खडकाने दिला होता! सरांना फोन केला तर ते म्हणाले, "प्रबंधाचा गाभाच मिळाला तुम्हाला. आधी यावरचा लेख पाठवा." मी फोन ठेवून प्रयोगशाळेतच रडले. आनंदाने रडणं पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी अंगावर आलं.

काकाजींनी एवढंच विचारलं, "म्हंजे आमचा खडक पैला आला?"

"पहिला, काकाजी. बाकीचे जवळपासही नाहीत."

त्यांनी छत्रीच्या कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. संध्याकाळची बस गावात पोचली तेव्हा सगळ्या वस्तीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगत होते, लोक खडकापाशी जाऊन आले, एका म्हातारीने तर गुडघ्याला लावायला खपली मागितली. "नाही देल्ली," ते म्हणाले. "म्हनलं, तपासनी सुरू हाये."

मग काकाजी गप्प झाले. त्यांचं गप्प होणं लक्षात यायला मला आठवडा लागला, कारण मी लेख लिहीत होते. नळ्या धुतल्या जात होत्या, जयभीमही होत होतं, पण "लाजली, नाही लाजली" बंद होतं.

एका सकाळी ते बसमधून उतरले ते पोतडी छातीशी धरून. प्रयोगशाळेत आले आणि पोतडीतून दगडी खल काढून टेबलावर ठेवला. सोबत बत्ता. घरातला रोजचा खल, काठ झिजलेला. हे ओझं मांडीवर घेऊन माणूस फुलसावंगीहून बसने आला होता. मला वाटलं मिक्सर येईपर्यंतची सोय केली.

त्यांनी बत्त्याने रिकाम्या खलात मिथेनॉल घोळवलं. ते नळीत घेतलं. जांभळं द्रावण घातलं. शेजारी कोरी नळी ठेवली. छत्री पांघरली. स्टुलावर बसले.

"काकाजी, काय करताय?"

"अर्धा तास थांबा, मॅडम."

अर्ध्या तासाने त्यांनी दोन्ही नळ्या माझ्यासमोर धरल्या. कोरी नळी जांभळी. दुसरी पिवळी.

"यात दगड नाही," ते म्हणाले. "दगडफूल बी नाही. फक्त खल हाये."

मला समजलं, आणि समजायचं नव्हतं म्हणून मी विचारलं, "म्हणजे?"

म्हणजे असं. वस्तीत त्यांनी उरलेलं चिमूटभर पीठ कौतुकाने फिरवलं होतं. लोकांनी हुंगलं आणि म्हणाले, वा, मसाल्यासारखा वास येते. त्यावर त्यांच्या बायकोने घरातून सांगितलं, तो वास खडकाचा नाही, माझ्या लवंगेचा आहे. तीस वर्षं या खलात लवंग कुटते, कितीही धुवा, दगड वास सोडत नाही. सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. बाजारातल्या दगडफुलासोबत मी लवंगेचाही अर्क तपासला होता आणि ती नळी डोळ्यांदेखत पिवळी झालेली त्यांनी पाहिली होती.

"कधी कळलं हे?"

"आठ दिस झाले."

"आठ दिवस!"

"रोज पंचशील म्हनतो, मॅडम. आठ दिसांपासून चौथ्यापाशी अडकून राह्यलो. तोंडानं म्हनतो, खोटं बोलनार नाही. अन् सकाळी येऊन तुमच्यासमोर नळ्या धुतो."

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते लपवलं तर हे व्यक्तिचित्र त्यांचं राहणार नाही. मी उठून दार लावलं. म्हणाले, "काकाजी, दोन दिवस कुणाला सांगू नका." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यांच्यावर चिडले होते मी. खल कशाला घेतला, घेतला तर सांगितलं का नाही, सांगितलं नाही तर आता कशाला सांगितलं! शेवटचाच राग खरा होता.

ते म्हणाले, "मी कोनाले नाही सांगत. मले फक्त तुमाले सांगाचं होतं." मग म्हणाले, "खडकाचं वाईट वाटून राह्यलं हो. त्यानं तं काही म्हनलं नव्हतं का मी पैला येतो म्हनून."

दोन दिवस मी लेख उघडून बसले. पाठवायचं बटण समोर होतं आणि जगात तिघांनाच माहीत होतं: मला, काकाजींना आणि खलाला. तिसऱ्या सकाळी काकाजी नळ्या धूत होते, पाठमोरे. बाहेरच्या वर्गातून कुणीतरी माझ्याच आवाजात ओरडलं, "कोरी नळी ठेवली का?" पोरं खिदळली. काकाजींचा हात नळाखाली थांबला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी तिथूनच सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "सगळे नऊ पुन्हा करा. दीड महिना आहे. जमेल?" मी म्हटलं जमवते.

सातवा नमुना पुन्हा हवा होता. जुनं पीठ संपल्यातच जमा, आणि होतं तेही लवंगेचं. रविवारी काकाजी एकटेच खडकावर गेले, पहिल्या हाताशेजारी दुसरा हात ठेवून खरडून आणलं. नवा मिक्सर आला होता. आम्ही त्याचं रिकामं भांडंसुद्धा मिथेनॉलने घोळवून तपासलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक चाचणीत एक नळी जास्त असते. कोऱ्या नळीशेजारी रिकाम्या भांड्याची नळी. मुलं तिला काकाजींची नळी म्हणतात.

निकाल आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कितवा?"

"सहावा, काकाजी."

"नवात सहावा?" ते विचार करून म्हणाले. "म्हंजे पास तं झाला."

"झाला."

"मंग बस. आमच्या घरात पैला तसा बी कोनी आला नाही."

प्रबंध मुदतीच्या आत गेला. त्यात थक्क करणारं काही नव्हतं. आपल्या उन्हातली शैवाकं बरी कामं करतात, काही फारच बरी, एवढंच निघालं. मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं. "हा रिकाम्या भांड्याचा रकाना मी कुणाच्याच प्रबंधात पाहिला नाही. कुणाला सुचलं?" मी सांगितलं, आमच्या परिचरांना. त्यांनी मान वर करून विचारलं, "आहेत का ते?" काकाजी बाहेरच व्हरांड्यात बसले होते, नमुन्यांची पेटी सांभाळत. परीक्षक स्वतः उठून बाहेर गेले आणि त्यांच्याशी हात मिळवला. काकाजींनी आधी हात रुमालाला पुसला.

परतीच्या बसमध्ये मी डॉक्टर झाले होते. काकाजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "घरी सांगतो, खलाचं बी नाव निघालं म्हनून."

वर्षभराने ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत, दुपारी. मला निरोप मिळाला तेव्हा सगळं उरकलं होतं. प्रयोगशाळेत नवीन परिचर आले आहेत, चांगले आहेत, नळ्या एकदाच धुतात.

मी फुलसावंगीला गेले ती दोन महिन्यांनी. ओसरीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो, पासपोर्टचा मोठा केलेला, म्हणून घाबरलेला. काकूंनी चहा दिला. खल कोपऱ्यात होता. मी त्याच्याकडे पाहतेय हे बघून त्या म्हणाल्या, "मी बोलली नसती तं बरं झालं असतं काय हो, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

"मले लय दिस लागून राह्यलं होतं ते."

मग त्या उठल्या, कोनाड्यातून भोक पाडलेल्या झाकणाची बाटली घेतली आणि म्हणाल्या, चला. आम्ही वस्तीच्या मागे खडकापर्यंत चालत गेलो. ऊन होतं. खडक सगळा राखाडी, वाळलेला, नुसताच दगड. खरडलेली जागा मला सापडेना. इथेच कुठेतरी, म्हणत मी हात फिरवत होते.

काकूंनी बाटली उलटी धरली आणि सावकाश धार सोडली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग पदर सावरून उकिडव्या बसल्या. मीही बसले.

राखाडी मऊ पडली. हिरवा रंग चढू लागला, आधी कडेने, मग सगळीकडे. फक्त दोन ठिकाणी चढला नाही. तिथे काळा दगड तसाच राहिला, आणि हिरव्यामध्ये शेजारी शेजारी दोन डावे हात उमटले. बोटं मिटलेली, करंगळी वाकडी.

मी मनात हिशेब केला. भरून यायला ते माझं आयुष्य घेतील, आणि वर आणखी कुणाचं तरी.

"उठलं," काकू म्हणाल्या.